एका दिवसात अजिंठा

राजूर हे भोकरदन तालुक्यातले गणपतीचे गाव. जालन्याहून पंचवीसएक किलोमीटर. पुराणकथेत याचे नाव राजसदन. वरेण्य राजाला गणेशाने गीता सांगितली ती इथे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. साडेतीन गणेशपीठांत राजूरची गणना होते आणि अंगारकीला गावाबाहेरच्या शेतांत गाड्या लावाव्या लागतात. माझे खत-बियाण्यांचे दुकान मंदिराच्या रस्त्यावरच आहे. त्या दिवशी धंदा होत नाही, पण माणसे दिसतात.

गेल्या एका अंगारकीला पुण्याहून माझा भाचा आला. बरोबर सून, तिचे आईवडील आणि दहा वर्षांची नात. दर्शन झाले, पुरणपोळी झाली आणि रात्री ओसरीवर बेत ठरला : उद्या बुधवार आहे, अजिंठा उघडा असतो, गाडी करू, सकाळी निघू, संध्याकाळी परत. "मामा, तुम्हीच आमचे गाइड," भाचा म्हणाला. मी तीस वर्षे या विषयात फावल्या वेळी वाचत आलो आहे. पदवी नाही, बिल्ला नाही. जालन्याच्या वाचनालयातले जुने गॅझेटियर, विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओळखीने मिळालेला प्रवेश आणि दुकानातल्या पावतीपुस्तकांच्या मागे केलेली टिपणे एवढीच काय ती साधने. असे कोणी गाइड म्हणाले की माणूस हुरळतो. मी रात्री बसून कागदावर थांबे लिहून काढले : भोकरदनचा केळना-काठ, असई, अन्वा, अजिंठा गाव आणि मग लेणी.

यापैकी जाताना एकाही ठिकाणी गाडी थांबली नाही. त्याबद्दल कोणाला दोष द्यायला हा लेख नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मागे लागला आणि तोच इथे मांडायचा आहे. एका दिवसात स्मारक पाहून परत येण्याची ही रीत आपल्याकडे कधी आणि कशी पडली? आणि त्या एका दिवसाच्या आखणीतून आमचा तालुका कसा बाहेर पडला?

गाडी सात जणांची होती. चालक आमच्याच भागातला, तिशीचा. सकाळी साडेसहाला निघालो आणि सातच्या सुमाराला भोकरदन आले. मी म्हणालो, "इथे जरा डावीकडे घे, पाच मिनिटे." तो आरशातून भाच्याकडे पाहत म्हणाला, "काका, इथं काय पाहायचं? बाजार आहे आज, अडकू." भाच्याने मोबाइल पुढे केला. त्यात सिल्लोडमार्गे जाणारी निळी रेघ होती आणि पोचण्याची वेळ मिनिटांसकट दिली होती. केळनेच्या पुलावरून गाडी पुढे निघाली तेव्हा मी नातीला एवढेच सांगू शकलो की या गावाचे जुने नाव भोगवर्धन.

हे नाव पुराणांतल्या दक्षिणेकडच्या जनपदांच्या यादीत येते. पण माझ्या मते त्याहून मोलाचा पुरावा दगडावरचा आहे, आणि तो इथे नाही. तो मध्य प्रदेशात सांचीला आहे. सांचीच्या स्तूपाभोवतीचा दगडी कठडा कोणा एका राजाने बांधून दिलेला नाही. शेकडो माणसांनी एकेक खांब, एकेक आडवा दगड, एकेक फरशी दान दिली आणि प्रत्येकाने आपले नाव व गाव ब्राह्मी लिपीत कोरून घेतले. त्यांत व्यापारी आहेत, भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, घरसंसार करणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत. या लेखांमधल्या गावांत 'भोगवढन' येते. भारहुतच्या स्तूपावरही ते आहे. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात आमच्या तालुक्यातली माणसे सातपुडा आणि नर्मदा ओलांडून एका प्रसिद्ध स्मारकाला गेली होती, किंवा निदान त्यांचे दान तरी तिथे गेले होते. स्थलदर्शनाला आलेल्यांचा इतिहास आपण लिहितो. स्थलदर्शनाला गेलेल्यांचा लिहायचा झाला, तर भोकरदनला आपली नोंद पहिल्या पानावर मागता येईल.

ही माणसे गरीब नव्हती. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी आला. सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती, नाणी, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती असे बरेच काही त्यात आहे. पण सगळ्यांत बोलका आहे तो हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा. त्याचे जवळचे नाते सांगणारी मूर्ती सापडली ती इटलीत, पाँपेई शहरात, १९३८ साली. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत इसवी सन ७९ मध्ये ते शहर गाडले गेले, त्या वेळी ही हातभर देखील उंच नसलेली भारतीय बाई तिथल्या एका घरात होती. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बहुतेक अभ्यासक यक्षी म्हणतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती भोकरदनलाच घडली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण ती कुठे घडली असावी याची चर्चा निघते तेव्हा भोकरदन आणि तेर ही नावे घ्यावी लागतात, आणि मला तेवढे पुरते.

वाटेचा नकाशा डोळ्यांपुढे आणला की हे सगळे जुळते. पैठणहून उत्तरेला निघालेला तांडा भोकरदनवरून अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात आणि तिथून उज्जैनकडे जाई. अजिंठ्याची पहिली लेणी, नऊ आणि दहा क्रमांकांची चैत्यगृहे, याच काळातली. दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर वासिष्ठीपुत्र कटहादी नावाच्या दात्याचा लेख आहे. कमानीचा दर्शनी भाग आपले दान आहे, असे तो सांगतो. थोडक्यात, भोकरदन हा अजिंठ्याच्या वाटेवरचा थांबा नव्हता. अजिंठा भोकरदनच्या वाटेवर होता.

मी हे सगळे गाडीत सांगायला सुरुवात केली तेव्हा सिल्लोड आले होते आणि सुनेच्या वडिलांना चहा हवा होता.

चहा घेताना मी असईची गोष्ट काढली, कारण लढाई म्हटली की माणसे ऐकतात. असई भोकरदनच्या पूर्वेला, आडवाटेला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. दोन दिवस आधी बदनापूरला त्याची व कर्नल स्टीव्हन्सनची भेट झाली होती आणि दोघांनी दोन वाटा धरायचे ठरवले होते. वेलस्ली पूर्वेकडच्या वाटेने नळणीपर्यंत आला आणि त्याला कळले की मराठ्यांची फौज अगदी जवळ, केळनेपलीकडे आहे. नदी ओलांडायची कुठे? बरोबरच्या वाटाड्यांनी सांगितले, इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे, पिंपळगाव आणि वरूड. त्याने ताडले की दोन गावे अशी तोंडाला तोंड लावून वसतात ती येण्याजाण्याची सोय असल्याखेरीज नाही. उतार निघाला. संध्याकाळपर्यंत लढाई संपली. कंपनीकडचे मेलेले व जखमी मिळून सुमारे १६००, आपल्याकडचे त्याहून कितीतरी अधिक.

वाटाड्ये चुकले की मुद्दाम चुकले? मला नेहमी वाटते की ते आपल्याच पंचक्रोशीतले असतील आणि केळनेचा उतार ठाऊक नसलेला माणूस या पंचक्रोशीत जन्माला येत नाही. पण हा माझा तर्क, पुरावा नव्हे. भाचा हसून म्हणाला, "म्हणजे गाइडचं ऐकू नये, असंच ना मामा?" यावर मला उत्तर सुचले नाही.

लढाईनंतर जखमींसाठी इस्पितळ उघडले गेले ते अजिंठा गावात. तिथून लेणी दहा-अकरा किलोमीटर. हे लक्षात घेतले की १८१९ सालचा 'शोध' वेगळाच दिसू लागतो. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या वळणावर पलीकडच्या कड्यात कोरीव कमान दिसली आणि लेण्यांचा शोध लागला, असे प्रत्येक पुस्तकात असते. पण इंग्रज फौज सोळा वर्षांपूर्वीच अजिंठ्याच्या वेशीत येऊन राहून गेली होती. आणि डोंगरातल्या भिल्लांना, गुराख्यांना ती लेणी शोधावी लागलीच नव्हती. तिथे पाऊस आला की ते आडोशाला जात. स्मिथने दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर आपले नाव आणि तारीख खरवडून ठेवली. तेव्हा आत गाळमाती साचलेली होती, ती पुढे काढली गेली. म्हणून आज ते नाव उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर दिसते.

यानंतरची शंभर वर्षे अजिंठा एका दिवसात पाहणे कोणालाच शक्य नव्हते, आणि पाहणाऱ्यांनाही तशी घाई नव्हती. मेजर रॉबर्ट गिल १८४४ साली चित्रांच्या नकला करायला आला आणि आयुष्याचा उरलेला काळ त्याने याच भागात काढला. त्याची बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेली. त्याची सोबतीण पारो १८५६ मध्ये वारली, तिचे थडगे अजिंठा गावात आहे. तो १८७९ मध्ये वारला, त्याचे भुसावळला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून हिवाळ्यामागून हिवाळे येत राहिले. १९०९ ते १९११ या दोन हंगामांत लेडी हेरिंगहॅम आल्या, बरोबर तरुण नंदलाल बोस होते. या लोकांचा रस्ता आमच्या बाजूने नव्हता. रेल्वेने पाचोऱ्याला उतरायचे आणि बैलगाडीने किंवा टांग्याने फर्दापूर गाठायचे. वेरूळचेही तसेच : औरंगाबादला रेल्वे येईपर्यंत लोक नांदगावला उतरून टांगा करीत.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा इथे आवर्जून उल्लेख करायला हवा. स्वतः चित्रकार असलेल्या या संस्थानिकाचे अजिंठ्यावरचे मार्गदर्शक पुस्तक १९३२ साली मुंबईत छापले गेले. हातात पुस्तक धरून एकेका भिंतीपुढे उभे राहावे, अशी त्याची मांडणी. आपल्या माणसाने लिहिलेले ते पुस्तक आज तिथल्या दुकानांत मिळत नाही, याचे मला वाईट वाटते. चकचकीत चित्रांची पुस्तके मात्र ढिगाने मिळतात.

एका दिवसाची सहल जन्माला घातली ती निजामाच्या राजवटीने, असे माझे मत झाले आहे. १९०० च्या आसपास हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे मनमाडहून औरंगाबाद, जालना करीत हैदराबादकडे गेली. १९१४ मध्ये संस्थानाचे पुराणवस्तू खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. १९२० ते १९२२ मध्ये इटलीहून तज्ज्ञ बोलावून भिंतीवरची चित्रे पक्की करून घेतली गेली. रस्ते झाले, विश्रामगृहे झाली. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ नोकरांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. यझदानींचे अजिंठ्यावरचे चार खंड १९३० पासून निघू लागले. जपणूक, रस्ता, गाडी आणि माहिती या चार गोष्टी पंधरा-वीस वर्षांच्या आत एकत्र आल्या, आणि औरंगाबादला सकाळी निघालेला पाहुणा संध्याकाळी परतू लागला. निजामाच्या राजवटीबद्दल आमच्या मराठवाड्यात कडू आठवणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण अजिंठ्याची चित्रे आज दिसतात त्यात त्या खात्याचा वाटा मोठा आहे, हे लिहायला हरकत नसावी.

या आखणीत केंद्र झाले औरंगाबाद. पैठण–भोकरदन–अजिंठा ही दोन हजार वर्षांची वाट मागे पडली आणि औरंगाबाद–सिल्लोड–फर्दापूर ही पुढे आली. शेवटचा टाका १ मे १९८१ रोजी पडला. त्या दिवशी जालना जिल्हा वेगळा झाला, भोकरदन जालन्यात आले आणि अजिंठा औरंगाबाद जिल्ह्यात राहिला. जिल्हा वेगळा झाल्याचे आम्हाला अजून समाधान आहे, कामे जवळ आली. पण पर्यटनाच्या पाट्या जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबतात, आणि लेणी पाहणाऱ्याला भोगवर्धन सांगणारे कोणी राहिले नाही.

त्याच सुमाराला सातवीत असताना आमच्या शाळेची सहल एसटीच्या लाल गाडीने अजिंठ्याला गेली होती. तीही एका दिवसाचीच. चटणी-भाकरी फडक्यात बांधलेली, आणि गुरुजींनी सगळी लेणी दोन तासांत पळवत दाखवलेली. सव्विसाव्या लेण्यातला आडवा झोपलेला प्रचंड बुद्ध पाहून मी रांग सोडून तिथेच उभा राहिलो आणि मार खाल्ला. त्या दोन तासांनी मला या नादाला लावले. तेव्हा एका दिवसाच्या सहलीला नावे ठेवायचा अधिकार मला तरी नाही.

आम्ही साडेनऊला फर्दापूरच्या तिठ्यावर पोचलो. खासगी गाड्या तिथेच ठेवाव्या लागतात, पुढचे चारेक किलोमीटर महामंडळाच्या बसने. भाच्याने शेवटी बिल्लेवाला गाइड केला. मी मनातून खट्टू झालो, पण गाइड चांगला निघाला. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी त्याने उजेड अशा कोनातून दाखवला की सुनेच्या आईने नकळत हात जोडले. सोळाव्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव त्याने नावानिशी सांगितला. दहाव्यात त्याने सगळ्यांना मान वर करायला लावून जॉन स्मिथचे नाव दाखवले, आणि सगळ्यांनी त्याचे फोटो काढले. कटहादीचे नाव मी हळूच विचारले. तो म्हणाला, "सर, माहीत आहे. पण लोकांना इंग्रजीतलं नाव वाचता येतं ना." त्याचे म्हणणे खोडण्यासारखे नव्हते.

नातीला मात्र ते पटले नाही. "आपल्या गावचं कुणाचं नाव आहे का इथे?" तिने विचारले. मी म्हटले, "इथे नाही. सांचीला आहे." बाहेर पायऱ्यांवर बसून मी बसच्या तिकिटामागे तिला ब्राह्मीतली अक्षरे काढून दाखवली : भो, ग, व, ढ, न. तिने ती शेजारी गिरवली. 'ढ' काढायला तिला फार आवडले.

परतताना चारची वेळ होती आणि मागे सगळे पेंगले होते. गोळेगाव जवळ आले तेव्हा मी चालकाला हळू आवाजात म्हणालो, "अन्व्यावरून घे. रस्ता जातो भोकरदनला." त्याने मागे पाहिले आणि काही न बोलता गाडी वळवली.

अन्व्याचे देऊळ बाराव्या शतकाच्या सुमाराचे, मुळात विष्णूचे. आता आत महादेव आहे आणि लोक त्याला मढ म्हणतात. सभामंडपाचे खांब जवळ जाऊन पाहावेत असे. बाहेरच्या भिंतीवर हातांत विष्णूची आयुधे घेतलेल्या स्त्रीमूर्ती आहेत, विष्णूच्या शक्ती. देवाच्या चोवीस रूपांना स्त्रीरूपात कोरण्याची ही कल्पना फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. आम्ही गेलो तेव्हा आवारात दोन म्हातारी माणसे आणि एक शेळी एवढेच होते. तिकीट नाही, गाइड नाही, रांग नाही. भाचा उतरला, पाच मिनिटे म्हणून अर्धा तास फिरला. "मामा, हे सकाळी का नाही सांगितलंत?" असे तो म्हणाला. मी सकाळी सांगितले होते. पण ते बोलून दाखवले नाही.

पुढे अंधार पडला. चालकाने रेडिओ बंद केला आणि बऱ्याच वेळाने विचारले, "काका, ते सांचीचं खरं आहे का? भोकरदनचं नाव?"

मी म्हटले, "खरं आहे."

"मी अजिंठ्याला साठ-सत्तर वेळा तरी आलो असेन पार्टी घेऊन. तिठ्याच्या पुढं एकदाबी नाही गेलो. गाडी सोडून कसं जायचं?" थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारले, "सांची कुठून पडतं? बुऱ्हाणपूरवरून?"

मी म्हटले, बुऱ्हाणपूर, मग भोपाळ, आणि भोपाळहून पुढे तासाभराची वाट. केळनेचा पूल आला तेव्हा तो डिझेल, टोल आणि रात्रीचा भत्ता मोठ्याने मोजत होता. जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि तिथे किती तास लागतील हे त्याने मला विचारले.